मांजर पाक आहे, पण निर्धोक नाही

आमच्या मोहल्ल्यात कुत्रा अंगाला घासून गेला तरी माणूस पायजमा धुवायला धावतो. मांजर मात्र दस्तरखानाशेजारी बसतं, मुलांच्या अंथरुणात झोपतं. त्याने पोराच्या हातावर ओरखडा काढला तर अम्मी हळद लावून मोकळी होते. "मांजर पाक है, कुछ नहीं होता" हे मी परभणीत इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं.

यातला पहिला भाग ठीक. मांजराचं उष्टं नापाक नाही, आणि कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवावं, हे हदीसमध्येच आलंय. पण हा तहारतचा हुकूम आहे. वजूच्या पाण्याचा, नमाजच्या कपड्यांचा. त्यातही इमामांचं एकमत नाही. मालिकी मतानुसार कुत्रा मुळात नापाक नाही, तर हनफी फिकहमध्ये मांजराचं उष्टं मकरूह मानलंय. मांजर चावल्यावर रोग होत नाही, असा अर्थ यातून कुठून काढला?

धोका मोजायचा तर कुत्रा पुढे आहे, यात वाद नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत रोग कुत्र्याकडून येतो. पण पिसाळलेला कुत्रा मांजरालाही चावतो, आणि आपलं मांजर रात्री पत्र्यावरून कुठे जातं, हे कोणाला ठाऊक? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. शिवाय मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम बारीक दिसते, पण खोल जाते; म्हणूनच ती कुत्र्याच्या चाव्यापेक्षा जास्त वेळा चिघळते.

तेव्हा मांजर चावलं किंवा ओरखडलं तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून आहे, पण ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता दंडात देतात. मांजरालाही रेबीजची लस टोचता येते, आणि आपल्या परभणीत तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. (मांजराला पिशवीत घालून नेणं हेच मोठं धाडस, हे मान्य.)

गरोदर बाईने मांजराची विष्ठा साफ करू नये. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी त्यातून येतो आणि पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही, विष्ठा दुसऱ्या कोणी रोजच्या रोज उचलली की झालं. अर्धकच्च्या मांसातूनही तो येतो, पण कबाबवर कोणी शंका घेत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत उलटं घडतं. त्याला उंबरठ्याच्या आत घेत नाही, पण बकरीदला त्याच्यापुढे कच्चं फुफ्फुस, काळीज टाकतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजून माफी मिळवणाऱ्या माणसाची हदीस आपण सांगतो, आणि ती दया हवीच. पण त्या फुफ्फुसात पाण्याच्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात. त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून मातीत, मातीतून पोरांच्या हातांवर येतात, आणि काही वर्षांनी तशीच गाठ माणसाच्या काळजात सापडते. गाठी असलेला भाग खोल खड्ड्यात पुरायला अर्धा तास लागतो. कुत्र्याला द्यायचंच असेल तर चांगलं शिजवून द्यावं.