होडी चालली बीडला!

‘वीकएण्डला बीडला जातोय, शिडाची होडी घेऊन.’ ऑफिसात नुसतं बोलून बघा, अख्खी पॅन्ट्री हसेल. बीड म्हटलं की आपल्याला आठवतो तो दुष्काळच! पण बॉस, माजलगावचं धरण बघितलंय? सिंदफणा नदीवरचा हा मोठा जलाशय. शिवाय पैठणच्या जायकवाडीचं पाणी 132 किलोमीटरच्या उजव्या कालव्यातून इथे येतं. पावसाळा चांगला झाला की दिवाळीच्या सुमाराला समोर नुसतं पाणीच पाणी. जलसंपदा खात्याची परवानगी तेवढी आधी काढा.

आता प्रॉब्लेम एकच. पुण्याहून चौदा फुटी होडी अहिल्यानगर, आष्टीमार्गे तिथवर न्यायची कशी? अर्थात ट्रेलरवर. (हो, ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते!)

पहिला फंडा वजनाचा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या हुकावर यायला हवा. मागची बाजू जड झाली की वेग घेताच ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. म्हणूनच आउटबोर्ड इंजिन होडीच्या मागे लटकवून न्यायचं नाही. अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन जेमतेम सतरा-अठरा किलोचं. ते काढा, उभं धरून आतलं पाणी गळू द्या, पेट्रोल रिकामं करा आणि गाडीत ठेवा. फोर-स्ट्रोक असेल तर कुठल्या कुशीवर निजवायचं ते कंपनीच्या पुस्तकात बघा. चुकीच्या कुशीवर ठेवलंत तर ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं आणि धरणावर दोरी ओढून ओढून तुमचा घाम निघतो.

दुसरं, पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात ढकलू नका. चाकांची बेअरिंग तापलेली असतात, गार पाण्यात ती पाणी आत ओढून घेतात. आधी चहा घ्या, त्यांना निवू द्या.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. काठावर उतरल्यावर आधी वर बघा. धरणाच्या कडेने शेतीपंपांच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात, कुठे कुठे चांगल्याच लोंबलेल्या. तुमची डोलकाठी अॅल्युमिनियमची, वीस फुटांच्या आसपास उंच. ती तारेला लागली तर दुसरा चान्स नाही. मोकळ्या आभाळाखाली जाऊनच डोलकाठी उभी करायची आणि उभी असताना ट्रेलर हलवायचा नाही. वीस जण घाई करत असले तरी नाही.

जाता जाता एक. दिवाळीच्या आगेमागे याच रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. भांडीकुंडी, पोरंबाळं, शेळ्या, सगळा संसार त्यात भरलेला. ही बीडची ऊसतोड कुटुंबं, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघालेली. तुम्ही मजेसाठी ट्रेलर आणताय, ते पोटासाठी नेतायत. हॉर्न वाजवू नका, रस्ता द्या. रात्री तर जाऊच नका, कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो.

आणि टपरीवर एखादे ट्रॅक्टरवाले मामा भेटलेच, तर तुमची हुकाची पिन नि साखळी त्यांना एकदा दाखवा. होडीतलं त्यांना कळो न कळो, ट्रॉली मात्र ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.