कोणी केला आणि कोणी करविला

रहस्यकादंबरी म्हणजे वेळ दवडण्याचे साधन, अशी चळवळीतील अनेकांची समजूत आहे. ती मला अन्यायाची वाटते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारने मराठी वाचकाला साहसाची गोडी लावली. कोड्यासारख्या रचलेल्या कादंबरीचा मार्ग मात्र वेगळा. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली तिचे नियमच सांगितले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकापुढेही तत्काळ ठेवला पाहिजे, हा त्यांतील एक. येथे संशयाला सरदार आणि नोकर सारखेच. पुराव्यावाचून कोणाचाही शब्द प्रमाण नाही. लोकशाहीला याहून उपकारक सवय कोणती?

तथापि या प्रकाराची मर्यादाही कार्यकर्त्याने ओळखली पाहिजे. खुनी सापडला की पुस्तक मिटते. पुण्यात ओंकारेश्वर पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. सूत्रधारांना हुडकण्यात तपासयंत्रणा अपयशी ठरल्याचे न्यायालयानेच नमूद केले. ‘कोणी केला’ एवढे कळले की कादंबरीचे समाधान होते. ‘कोणी करविला’ हे विचारीत राहणे नागरिकाकडे उरते.