एकाच लायसन्सवर स्प्लेंडर आणि चारशे सीसी

प्रति,
परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य



मी कोथरूडला राहते. काकांच्या स्प्लेंडरवर शिकले, दोन वर्षं तीच चालवली आणि गेल्या महिन्यात चारशे सीसीची गाडी घेतली. शोरूममधून घरी येताना पौड फाट्याच्या सिग्नलला जुन्या सवयीने मूठ पिळली. पुढच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली, ती एबीएसच्या कृपेने. रिक्षावाले काका मागे वळून म्हणाले, “नवीन दिसतंय, ताई?” गाडीबद्दल विचारलं की माझ्याबद्दल, कळलं नाही. उत्तर एकच होतं.

स्प्लेंडरची ताकद साधारण ८ पीएस, वजन ११२ किलो. ही ४० पीएसची आणि १७६ किलोची. मला भीती वेगाची होती, पण वेगात गाडी उलट शहाण्यासारखी वागते. खरी परीक्षा असते चालत्या माणसाच्या गतीने जाताना. सदाशिव पेठेतल्या बोळात वळवताना गाडी जरा कलली, तेव्हा सवयीने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी सरळ माझ्या अंगावर आली. अशा वेळी हाफ क्लचवर गाडी तोलायची आणि मागचा ब्रेक हलका धरायचा, हे मला नंतर एका मेकॅनिकने सांगितलं. कात्रजचा घाट उतरताना ब्रेकवर लोंबकळायचं नाही, खालच्या गिअरवर इंजिनालाच गाडी आवरू द्यायची, हेही त्यानेच शिकवलं. खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते, हे मात्र पुण्यात कोणी शिकवायला लागत नाही.

माझं लायसन्स नियमाप्रमाणेच मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. काकांची स्प्लेंडर नेली, आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही. कार्डावर ‘गिअरची मोटरसायकल’ असं आलं. त्या दोन शब्दांत शंभर सीसीही बसते आणि हजार सीसीही. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मी हजार सीसीची गाडी घेतली असती तरी कायद्याने मला कोणी अडवलं नसतं.

गंमत अशी, की हा फरक बाकी सगळ्यांना कळतो. थर्ड पार्टी विम्याचे टप्पे सीसीवर ठरतात. जून २०२२च्या दरांप्रमाणे स्प्लेंडरला वर्षाचे ७१४ रुपये आणि साडेतीनशेच्या वरच्या गाडीला २८०४. सप्टेंबर २०२५पासून जीएसटी साडेतीनशे सीसीपर्यंत १८ टक्के, त्याच्या वर ४०. आणि तुमचंच खातं एकरकमी वाहन कर घेताना ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९पर्यंत ११ आणि त्याच्या वर १२ टक्के लावतं. म्हणजे पैसे घेताना इंजिन मोजायचं आणि लायसन्स देताना नाही!

बरं, कायद्याला पायऱ्या अनोळखी आहेत असंही नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. व्यावसायिक वाहनाचं शिकाऊ लायसन्स हवं असेल तर आधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स असावं लागतं. आधी लहान, मग मोठं, हे तत्त्व तिथे मान्य आहे. फक्त अठराव्या वाढदिवसाला मोटरसायकलच्या बाबतीत कायदा ते विसरतो.

आता चाकणची गोष्ट. १२५ सीसीची ड्यूक ही मोटरसायकल २०११पासून तिथल्या कारखान्यात बनून युरोपात जायला लागली, कारण तिकडे नवशिक्यांना ‘ए-वन’ वर्गात १२५ सीसी आणि ११ किलोवॉटचीच मर्यादा आहे. आपल्या बाजारात आली ती थेट २००, जानेवारी २०१२मध्ये. दीडेक वर्षाने ३९० आली. १२५ मात्र इथल्या पोरांना मिळाली २०१८च्या शेवटी. शिडी पुण्याच्या वेशीवर तयार होत होती, तिची पहिली पायरी आपण जहाजात चढवली आणि आपल्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून चढायला सांगितलं. चाकणचीच ३९० चालवायला जर्मनीतल्या अठरा वर्षांच्या मुलाला ३५ किलोवॉटपर्यंतचा ‘ए-टू’ परवाना काढावा लागतो आणि त्याहून मोठ्या गाडीसाठी साधारणपणे आणखी दोन वर्षं थांबावं लागतं. आपल्या मुलाला डाउन पेमेंट पुरतं.

कायदा दिल्लीचा आहे, तो तुम्ही एकट्याने बदलू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. लायसन्सचे टप्पे करा अशी शिफारस मात्र राज्याला करता येईल. ती फाइल फिरेल तोवर तीनशे सीसीच्या वरची गाडी नोंदणीला आली की मालकासाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग सुरू करा, हवं तर ऐच्छिक ठेवा. भोसरीला सीआयआरटी या संस्थेच्या आवारात चाचणीचा ट्रॅक आहेच. व्याख्यान नको, स्लाइड नको. शंकू मांडा, एक ओला पट्टा करा आणि तीन गोष्टी घोटून घ्या: संथ वळण, अचानक ब्रेक, आणि पडलेली गाडी एकट्याने उचलणं. ही शेवटची मी पार्किंगमध्ये वॉचमनच्या मदतीने शिकले. त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही हे छापील पत्र आमच्या सोसायटीत लावू नये.

वर्गाची फी घ्या, माझी हरकत नाही. बारा टक्के भरलेतच. पहिल्या तुकडीत माझं नाव घाला. गाडी माझीच आणेन. हेल्मेटही आणेन, पुण्याची असूनही.

आपली,
कोथरूडची एक दुचाकीस्वार