मोडलेला पाय आणि खचलेले मन



भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. हा भाग धानाचा. समजा, पावसाळ्यात तेथील एक शेतकरी बांधावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्याला रुग्णालयात दाखल करतील. आरोग्य विमा असेल, तर शस्त्रक्रियेचा खर्चही मिळेल.

आता दुसरी गोष्ट समजा. त्याच शेतकऱ्याला कित्येक महिने झोप लागत नाही. अन्न गोड लागत नाही. कामात मन रमत नाही. हाही आजारच आहे. पण त्याला रुग्णालयातील खाट नको. दरमहा डॉक्टरांची भेट, औषधे आणि समुपदेशन हवे. त्यासाठी भंडारा किंवा नागपूर गाठायचे, तर एस.टी.चे भाडे लागते आणि दिवसाची मजुरीही बुडते. विमा कंपनी विचारते, "रुग्णालयात दाखल झाला होता का?" उत्तर "नाही" असले, की पैसेही नाहीत!

कायदा काय सांगतो? मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला व 29 मे 2018 पासून लागू झाला. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा मिळाला पाहिजे, असे त्याचे 21 वे कलम सांगते. पण बहुतेक विमा योजना दाखल झालेल्या रुग्णाचाच खर्च देतात. 2018 सालीच सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तिच्यातही केवळ बाह्यरुग्ण म्हणून घेतलेले उपचार बसत नाहीत. कागदावर समानता आली; घरी राहून बरा होणारा रोगी मात्र बाहेरच राहिला.

काहीजण म्हणतील, हा खर्च दिला तर विम्याचा हप्ता वाढेल. तसे होईलही. परंतु वेळेवर उपचार मिळाले, तर आजार बळावत नाही आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अनेकदा टळते. म्हणून बाह्यरुग्ण उपचारही विम्यात आले पाहिजेत, असे मला वाटते.

दुसरी अडचण आपणच निर्माण केली आहे. 'लोक काय म्हणतील' या भीतीने माणसे मनाचा आजार लपवतात. तुम्ही कोणालाही 'वेडा' म्हणून हसू नका. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक घरी लिहून ठेवा.

एकच अरबी शब्द उर्दूत 'हक' आणि मराठीत 'हक्क' झाला. हा शब्द आपल्या दोन्ही भाषांचा आहे. मग उपचाराचा हक्कही मोडलेल्या पायाला आणि खचलेल्या मनाला सारखाच मिळायला नको का? तुम्हीच विचार करा.