पुडीचा हिशेब

वसतिगृहामागचा उकिरडा पाहिला की आमचा महिन्याचा जमाखर्चच तेथे मांडलेला दिसतो. कॉफीची, शाम्पूची, फरसाणाची चकचकीत पाकिटे! "छोटे परवडते," असे मित्र म्हणतात. परवडते खरे, पण कुणाला? 2021 साली झालेल्या नियमबदलानुसार पाकिटावर ग्रॅममागे वा किलोमागे पडणारा भावही छापावा लागतो. ती बारीक अक्षरे वाचण्याचे कष्ट मात्र कुणी घेत नाही. अर्थशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा नाहीत!

शाम्पूची पुडी पुष्कळदा बाटलीहून स्वस्त पडते, हे मान्य. तेथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो. पण असल्या पाकिटांत प्लॅस्टिकचे निरनिराळे थर आणि वर धातूचा मुलामा एकजीव झालेला असतो. ते वेगळे करणे कुणालाच परवडत नाही, म्हणून भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. राज्यात 2018 साली दुकानातल्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली; कारखान्यातून येणारी ही पाकिटे मात्र राजरोस गटारात जातात.

ज्याच्या खिशात पन्नासाची एकच नोट आहे, त्याला "मोठे पाकीट घे" असे सांगणे ही थट्टा झाली. त्यापेक्षा खोलीतल्या चौघांनी वर्गणी काढावी, डबे नि कापडी पिशवी घेऊन वाण्याकडे जावे आणि पोहे, शेंगदाणे, साखर सुटी तोलून घ्यावी. रिकाम्या डब्याचे वजन आधी करून घ्यावे, वाणी कुरकुरला तरी. डबा कुणी घासायचा यावरून भांडण होणार, हे मी गृहीतच धरले आहे.