गाणं फिरवा, पण नावाचा शेंडा खुडू नका

२०२४ चा खरीप. कपाशीला पात्या-फुलं लागली होती, म्हणून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी गुलाबी बोंडअळीची सूचना टाकली. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की फवारणीचं बघा, अशी नेहमीची. सूचनेखाली पहिलं उत्तर आलं ते 'गुलाबी साडी' गाण्याचं. दुसरंही तेच. तिसऱ्या पोराने तर अळीच्या फोटोलाच ते गाणं जोडून पाठवलं. रात्रीपर्यंत ग्रुपवर गाण्यांचा ढीग पडला आणि सापळ्याबद्दल प्रश्न आला फक्त एक. राग आला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी शेतीशाळेसाठी गावात गेलो तर पारावर तीच पोरं, तोच विषय. संजू राठोडचं पुढचं गाणं कधी येणार? कुणी म्हणे पोळ्याला, कुणी म्हणे दिवाळीला. आपण मृगाची वाट बघतो ना, वारा कुठून वाहतो, ढग कुठे अडलेत, तशी ही पोरं गाण्याची वाट बघत होती. त्यातून गाणारा आपल्याच जळगाव जिल्ह्यातला. त्याचं पुढं २०२५ मध्ये 'शेकी' आलं तेव्हा रब्बीचा माल बाजारात नेणाऱ्या ट्रॅक्टरवरही तेच वाजत होतं.

त्या पोरांनीच मला शब्द शिकवला, 'इंडी'. म्हणजे कोणत्या सिनेमातलं नाही, मोठ्या कंपनीने मागवलेलं नाही. स्वतः लिहायचं, स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करायचं आणि स्वतःच्या चॅनेलवर टाकायचं. शेजारी बसलेले आबा हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "मंग आमनं भजन काय पिच्चरमानं व्हतं का?"

आबांचं बरोबर आहे. खान्देशात गाणं सिनेमाच्या आधीपासून आहे. अखाजीला झोक्यावर बसून लेकी-सुनांनी म्हटलेली गाणी कोणत्या कंपनीने काढली होती? आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींपेक्षा मोठी 'इंडी' कोण दाखवाल? १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही, शेतात आणि घरात राबता राबता गाणं रचायचं. लेक सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी ते वेळोवेळी लिहून घेतलं म्हणून उरलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक निघालं, आचार्य अत्रे यांनी प्रस्तावना लिहिली, आणि आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. लिहून घेतलं नसतं तर काय झालं असतं? दोनचार गाणी शेतातून शेतात फिरली असती आणि "जुनं कुठलंतरी गाणं आहे" म्हणून संपली असती. गाणं कदाचित राहिलंही असतं. बाई गेली असती.

मला जे सांगायचं आहे ते याच्याशीच जोडलेलं आहे, पण त्यासाठी माझी एक चूक आधी कबूल करावी लागेल.

त्याच पारावर एका पोराने अहिराणीतलं एक गाणं लावलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या माणसाचं. खरंच चांगलं होतं. उगाच पोरीची छेड नाही, झगमगाट नाही, कापसाची धूळ घशात बसते ती चालीत ऐकू यायची. आबांनी विचारलं, "हाई गानं कोनं शे?" पोरगा म्हणाला, "मोबाइलनं शे, आबा." सगळे हसले, मीही हसलो. मग ते गाणं मी घेतलं आणि माझ्याकडच्या अकरा गावांच्या ग्रुपवर पाठवलं. कपाशी उत्पादकांना आवडेल म्हणून. चित्रफितीच्या सुरुवातीची पाटी कुणीतरी आधीच कापली होती. कोपऱ्यात भलत्याच चॅनेलचा शिक्का होता. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

आठवड्याने एक पोरगा कार्यालयात आला. पंचविशीचा असेल. मला वाटलं पीकविम्याचं काम आहे. बसला, पाणी प्यायला, आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही पाठवलं ते गाणं माझं आहे." तक्रार म्हणून नव्हे, उलट आनंदानेच सांगत होता की साहेबांनी माझं गाणं पाठवलं. मग बोलता बोलता बाकीचं निघालं. गाणं त्याने लिहिलं, त्यानेच गायलं. शहरातल्या स्टुडिओला अठरा हजार दिले, ते घरच्या कापसाच्या पैशातून. बापाने दोन महिने अबोला धरला. त्याच्या स्वतःच्या चॅनेलवर ते गाणं काही शे लोकांनी पाहिलेलं, आणि ज्याने पाटी कापून ते आपल्या चॅनेलवर टाकलं त्याच्याकडे लाखाच्या पुढे.

हा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा मिळतो तो ज्या चॅनेलवर गाणं बघितलं जातं त्या चॅनेलला. तोही लगेच नाही. चॅनेलचे हजार सदस्य व्हावे लागतात आणि वर्षभरात लोकांनी चार हजार तास पाहिलेलं असावं लागतं (छोट्या चित्रफितींचा हिशेब वेगळा), तेव्हा कुठे जाहिरातीतला वाटा सुरू होतो. म्हणजे नवख्या माणसाचं एकेक ऐकणं मोलाचं. आपण चित्रफीत उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली की त्याच्या खात्यात शून्य. अकरा गावं ऐकतात आणि गाणाऱ्याला कळतसुद्धा नाही. त्या पोराच्या अठरा हजारांत माझ्या एका बोटाचा तोटा आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

आमच्या खात्यातला माणूस दुकानात गेला की आधी काय बघतो? बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल. जात कोणती, लॉट नंबर काय, उत्पादक कोण. सुटं, बिनलेबलचं, बिनपावतीचं बियाणं कितीही टपोरं दिसलं तरी घेऊ नका, असं मी दर मे महिन्यात घसा फोडून सांगतो. आणि मीच बिनलेबलचं गाणं अकरा गावांत वाटलं.

जुन्या लोकांना ही अक्कल होती. अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं ते उगीच नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले, २००४ मध्ये गेले. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' असतोच. गाणं कुणीही गावं, पण शेवटाला पोचला की कवीचं नाव तोंडातून निघणारच! आता झालंय असं की मोबाइलवर कुणी शेवटच्या कडव्यापर्यंत थांबतच नाही. तीस सेकंदांत पुढचं गाणं. शेंडा खुडायचा तो कपाशीचा, इथे नावाचाच खुडला जातो.

'केसावर फुगे' हे अहिराणी गाणं महाराष्ट्रभर किती लग्नांत वाजलं याची मोजदाद नाही. त्यावर नाचलेल्या दहा जणांना विचारा, गायलं कोणी? अण्णा सुरवाडे हे नाव किती जण सांगतील? ज्या अहिराणीत बोललं की शाळेत पोरं हसायची, तिला या गाण्यांनी नागपूर-पुण्याच्या वरातीत नेलं. सगळीच गाणी चांगली असतात असं नाही, काहींचे शब्द आई-बहिणीसमोर ऐकवत नाहीत, ते मी पोरांच्या तोंडावर सांगतो. पण बोली जगवण्याचं काम या पोरांनी फुकटात केलं आहे हे मान्य करायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, कापसाला भाव नाही आणि साहेब गाण्याचं काय घेऊन बसलेत. अहो, दुखणं एकच आहे. पिकवणारा एक, माल दुसऱ्याच्या नावाने विकला जातो.

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि यात्रा कमिटीच्या मंडळींना एक विनंती. यात्रेत डीजेवाल्याला इसार आधी पोचतो. उरलेले पैसे तो सामान उतरवण्याआधी मोजून घेतो. आणि गावचा गाणारा? त्याला नारळ, टॉवेल आणि "आपलाच पोरगा आहे". आपलाच आहे म्हणूनच द्यायला हवेत ना? वर्गणीच्या हिशेबात त्याच्या नावाची एक ओळ घाला, रक्कम पाच हजार असो की दोन हजार, आणि सही घेऊन पावती फाडा. भोंग्यावरून वर्गणीदारांची नावं तासभर वाचता, त्यात गाणं कोणी लिहिलं आणि कोणी गायलं हे दोन वेळा सांगा. गावच्या ग्रुपवर चित्रफीत टाकण्याऐवजी त्याच्या चॅनेलची लिंक टाका. डाटा तेवढाच लागतो.

पोरांनी एक ध्यानात ठेवावं. गाणं रचून लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं की त्याचा कायदेशीर हक्क रचणाऱ्याचा होतो, नोंदणी केली नाही तरी. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या वाट्याला आणखी संरक्षण मिळालं. वरातीत गाणं वाजवायला कायद्यानेच सूट आहे, त्यासाठी कुणी घाबरू नये. पण दुसऱ्याचं गाणं आपल्या चॅनेलवर टाकणं ही वरात नव्हे. असं कुणी केलं तर यूट्यूबकडेच तक्रारीचा अर्ज असतो. त्या पोराने तो माझ्या कार्यालयातल्या खुर्चीवर बसून भरला. इंग्रजी दोघांचंही कच्चं, दीड तास लागला. बारा दिवसांनी ती चोरीची चित्रफीत निघाली. गेलेले लाखभर ऐकणारे मात्र परत आले नाहीत.

मी अकराही ग्रुपवर चूक कबूल करणारा संदेश टाकला आणि त्याच्या चॅनेलची लिंक दिली. तीनच गावांतून उत्तरं आली. आबांना मोबाइल वाचता येत नाही, म्हणून त्यांना पारावर जाऊन नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं आणि विचारलं, "कोना पोर्‍या शे?"

त्याचं दुसरं गाणं तयार होतंय. यंदा बापाने स्वतःहून सहा हजार काढून दिले म्हणे. अखाजीला येणार आहे. त्या दिवशी माझं प्रशिक्षण धुळ्याला लागलंय, पण पोरांनी फोन करायचं कबूल केलंय.