खुनाचे कलम नको
२०१२मध्ये बीड जिल्ह्यातील परळीत बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघड झाल्यानंतर लिंगनिवडीच्या गर्भपाताला तत्कालीन दंड संहितेचे खुनाचे ३०२ कलम लावण्याचा राज्य सरकारने केलेला विचार या पत्राला मान्य नाही. गुन्हा लिंगनिदानाचा आहे. त्यासाठी १९९४चा कायदा आहेच. तो सोनोग्राफी केंद्राच्या दारात राबवायचा असतो.

फाशीच्या कलमाची धास्ती आधी डॉक्टरला बसेल. १९७१च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी मुभा दिलेला गर्भपातही मग तो टाळू लागेल. तपासण्यांच्या भीतीने अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे आधीच सोडले आहे. या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांतच घ्यायच्या असतात, आणि तेव्हा सोनोग्राफीत गर्भाचे लिंग दिसतही नाही. मग रोखले नेमके काय? सव गावची बाई रायगड जिल्ह्यातल्या महाडला येते, चिठ्ठी काउंटरवर ठेवते, दुकानदार नुसती मान हलवतो. पोलादपूरच्या डोंगरवाडीतून आलेलीची परतीची एसटीही तेवढ्यात चुकते. पुढचा रस्ता मुंबईचा, नाहीतर गावातल्या जडीबुटीचा. आणि दिवस काही थांबत नाहीत.

सरकारने असा विचार पुन्हा करू नये. महाड आणि पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयांत प्रशिक्षित डॉक्टर व गोळ्यांचा साठा बारमाही राहील, याची लेखी हमी आरोग्य खात्याने द्यावी.